इंग्रजीच्या वाटेवर : ‘ड्रॉ’ म्हणजे केवळ चित्र काढणे नव्हे



गोष्ट १९९६ सालची आहे. डहाणूला रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की आम्ही मुलांचा इंग्रजीचा वर्ग घेत असू. पावसाळा नुकताच संपला होता. वर्ग सुटता सुटता एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. चिकूवाडीत रोजाने काम करणारे, अंगात इस्त्रीचा सदरा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद. मुलगा अकरावीत शिकत होता. घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला तो पहिलाच. ते म्हणाले, “गुरुजी, पोराची शिष्यवृत्ती बुडाली. सोमवारपासून त्याला उंबरगावला कारखान्यात पाठवतो. तेवढं हे कागदावर नीट वाचून द्या, म्हणजे मनाला हुरहूर नको.”

मी कागद पाहिला. मुलाने विचारणा करण्यासाठी अर्ज दिला होता, त्याला आलेले ते दोन ओळींचे इंग्रजी उत्तर. त्यातले मुख्य वाक्य असे : “द अमाउंट हॅज बीन ड्रॉन बट नॉट येट डिस्बर्स्ड.” मुलाने ‘ड्रॉन’ हा शब्द ‘ड्राउन’ असा वाचला होता. शब्दकोशात पाहिले, तिथे अर्थ दिला होता ‘बुडणे’. पुढचा ‘डिस्बर्स्ड’ त्याला सापडलाच नाही. पण आधीच ‘नॉट’ होते. रक्कम बुडाली, आणि पुढे ‘नाही’. आता आणखी काय वाचायचे? बापलेक दोघे रात्रभर झोपले नव्हते.

खरा अर्थ अगदी उलट होता. रक्कम उचलली गेली आहे, पण अद्याप वाटप झालेले नाही. म्हणजे पैसे बुडाले नव्हते, सरकारी तिजोरीतून बाहेर आले होते आणि वाटेत कुठेतरी थांबले होते. एका अक्षराच्या फरकाने एक मुलगा वर्गातून उठून कारखान्याच्या फाटकाशी जाणार होता. त्या मुलाचे पुढे काय झाले ते लेखात येईलच. आज आपण त्याला जवळजवळ बुडवणाऱ्या त्या क्रियापदाकडे पाहू.

प्रथम रूपे पाठ करा. ड्रॉ, ड्रू, ड्रॉन. ‘ड्रॉड’ असा शब्द इंग्रजीत नाही. दरवर्षी उत्तरपत्रिकांत तो हमखास सापडतो. दुसरे क्रियापद ड्राउन, ड्राउन्ड, ड्राउन्ड. त्याचा अर्थ पाण्यात बुडून मरणे. हिशेबात पैसे बुडाले तर इंग्रज माणूस ‘ड्राउन’ म्हणत नाही, ‘लॉस्ट’ म्हणतो. त्या मुलाला एवढे जरी ठाऊक असते तरी त्याची रात्र वाचली असती. परंतु पाठ्यपुस्तकात ‘ड्रॉ’ भेटतो तो चित्रकलेच्या तासाला, मांजर आणि झोपडी घेऊन. शिष्यवृत्तीच्या कागदावर तो भेटेल असे मुलाला कोणी सांगितलेच नव्हते.

आता या शब्दाचे मूळ पाहू. मूळ कळले की अर्थ पाठ करावे लागत नाहीत. जुन्या इंग्रजीत ‘ड्रागन’ असे एक क्रियापद होते. त्याचा अर्थ ओढणे. (राक्षसी सर्पाचा ड्रॅगन वेगळा, त्याचा इथे संबंध नाही.) त्यापासून ‘ड्रॉ’ झाला. ‘ड्रॅग’, म्हणजे फरफटत ओढणे, हा त्याचाच चुलतभाऊ. तेव्हा ‘ड्रॉ’ शब्द दिसला की मनात एक दोरी धरा आणि ती आपल्याकडे ओढा. विहिरीतून पोहरा ओढला, ‘ड्रॉ वॉटर’. बैलांनी गाडी ओढली, ‘द बुलॉक्स ड्रॉ द कार्ट’. खडू पाटीवरून ओढत नेला की मागे रेघ उरते, ‘ड्रॉ अ लाइन’. आपणही ‘रेघ ओढणे’ असेच म्हणतो ना? चित्र म्हणजे पुष्कळ ओढलेल्या रेघा. म्हणून ‘ड्रॉ अ पिक्चर’. चित्र हा या शब्दाचा मूळ अर्थ नाही. तो वाटेत मिळालेला अर्थ आहे.

आणि आता एक गंमत पाहा. आपले मराठी ‘काढणे’ कुठून आले? पालि भाषेत ‘कड्ढति’ असे क्रियापद आहे. त्याचा अर्थ ओढणे, खेचणे. संस्कृतातील ‘कर्षति’चे ते लोकांच्या तोंडचे रूप. त्यातूनच मराठी ‘काढणे’ आले. म्हणजे ज्या भाषेत तथागतांची वचने लिहून ठेवली गेली तिथला एक शब्द तलासरीची आई रोज विहिरीवर वापरते, आणि तिला त्याची गंधवार्ता नाही. हजारो मैल दूरच्या दोन भाषांत ‘ओढणे’ या एका कृतीपासून निघून ‘ड्रॉ’ आणि ‘काढणे’ यांनी जवळजवळ सारखीच वाट चालली. पाणी, रेघ, चित्र, पैसा, अनुमान. ‘ड्रॉ अ कन्क्लुजन’ला आपण ‘निष्कर्ष काढणे’ म्हणतो. ‘निष्कर्ष’ या शब्दाच्या पोटातही तोच ओढणारा धातू आहे आणि ‘आकर्षण’ या शब्दातही. ‘ही वॉज ड्रॉन टु द धम्म’ याचे मराठी ‘तो धम्माकडे ओढला गेला’ असे सरळ होते. ‘मनाची ओढ’ हा शब्दप्रयोगही याच जातीचा.

पण सावध! वाट जवळजवळ सारखी आहे, अगदी सारखी नाही. इथेच आपली मुले पडतात.

आमच्या वर्गात तलासरीकडची एक मुलगी यायची. ‘माझी आई विहिरीतून पाणी काढते’ याचे इंग्रजी तिने शाळेच्या परीक्षेत ‘माय मदर रिमूव्ज वॉटर फ्रॉम द वेल’ असे केले. शिक्षकांनी तांबड्या शाईने चूक केली आणि वर्गात वाचून दाखवले. वर्ग हसला. चूक काय होती? ‘रिमूव्ह’ म्हणजे नको असलेली वस्तू दूर करणे. डाग काढणे, तण काढणे, अतिक्रमण काढणे. त्या वाक्याने आई विहीर कोरडी करायला निघाली होती. शब्दकोशात ‘काढणे’समोर पहिला शब्द ‘रिमूव्ह’ छापलेला असेल तर त्यात मुलीचा काय दोष? दोष शब्दकोश वापरायला न शिकवणाऱ्याचा. शब्दकोश उघडला की पहिल्या अर्थावर थांबू नये, खालचे सगळे अर्थ वाचून आपल्या वाक्यात बसवून पाहावेत. ही सवय मुलांना सातवी-आठवीतच लावा.

त्या मुलीसाठी आम्ही पुढच्या रविवारी एक खेळ केला. प्रत्येकाने ‘काढणे’चे एक वाक्य सांगायचे आणि सगळ्यांनी मिळून त्याचे इंग्रजी शोधायचे. तासाभरात फळा भरला. फोटो काढणे, इथे ‘ड्रॉ’ नाही, ‘टेक अ फोटो’. ‘ड्रॉ अ फोटो’ म्हटले तर फोटो पाहून पेन्सिलीने चित्र काढले असे होईल. बूट काढणे, ‘टेक ऑफ’. विहारात शिरताना बूट ‘ड्रॉ’ करू नका. म्हशीचे दूध काढणे याला इंग्रजीत ‘मिल्क’ हेच क्रियापद होते, ‘शी मिल्क्स द बफेलो’. चिकू काढणे, ‘पिक’. दात काढणे, दवाखान्यात असेल तर ‘पुल आउट’, आणि वर्गात असेल तर फिदीफिदी हसणे. कर्ज काढणे, ‘टेक अ लोन’. मोर्चा काढणे, ‘टेक आउट अ मार्च’ असे आपल्याकडची इंग्रजी वृत्तपत्रे लिहितात. विलायतेत ‘होल्ड अ मार्च’ म्हणतील. वेळ काढणे, ‘फाइंड टाइम’. झोप काढणे, ‘टेक अ नॅप’. वर्तमानपत्र काढणे, ‘स्टार्ट अ न्यूजपेपर’. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला आणि ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’. इथे ‘ही ड्रू अ न्यूजपेपर’ लिहिले तर बाबासाहेब कागदावर वर्तमानपत्राचे चित्र काढीत बसले आहेत असा अर्थ होईल.

मग एका मुलाने विचारले, “सर, ‘आजीने हालअपेष्टांत दिवस काढले’ याचं काय?” मी म्हणालो, ‘शी पास्ड हर डेज इन हार्डशिप.’ पण मला स्वतःलाच ते पुरेसे वाटले नाही. मराठीत ‘दिवस काढले’ म्हणताना एकेक दिवस खडकातून ओढून काढल्यासारखा वाटतो. ‘पास्ड’मध्ये दिवस आपोआप सरकतात. काही शब्द इंग्रजीत नेताना असे थोडे सांडतातच. आजीचे दिवस इंग्रजीत सांगायचे तर एका क्रियापदाने भागत नाही, तिची हकीकतच लिहावी लागते.

त्या फळ्यावर ‘ड्रॉ’च्या खाली उरले ते हे : पाणी, रेघ, चित्र, नकाशा, पगार, अनुमान. आणि एका मुलाने ताडी सांगितली! ते बरोबरच आहे. डहाणू-तलासरीत ताड आणि खजुरीची झाडे आहेत, आणि ब्रिटिशांच्या गॅझेटिअरमध्ये ताडी काढणाऱ्यांना ‘टॉडी-ड्रॉअर’ असेच म्हटले आहे. पंचशीलातले पाचवे शील स्मरून आपण हा प्रयोग इंग्रजी शिकण्यापुरताच घेऊ.

आता पाण्याच्या ‘ड्रॉ’कडे थोडे थांबून पाहू. आपल्या समाजाच्या दृष्टीने या क्रियापदाचा सर्वांत जड अर्थ तोच आहे.

‘शी ड्रॉज वॉटर फ्रॉम द वेल’ हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने किती साधे! कर्ता, क्रियापद, कर्म. पण आपल्या आजी-पणज्यांच्या बाबतीत या वाक्यात कर्त्याची जागा त्यांना मिळत नव्हती. विहीर समोर असे, दोर असे, पोहरा असे, आणि त्या दूर उभ्या राहून कोणी तरी वरून ओतील याची वाट पाहत. ‘ड्रॉ’ करणारा दुसरा, आणि यांच्या वाट्याला ‘रिसीव्ह’. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत शाळेतील नळाची हकीकत सांगितली आहे. नळ त्यांनी उघडायचा नाही, शिपायाने उघडायचा. शिपाई नसला तर पाणी नाही. नळाला दोर नसतो, पोहरा नसतो, तरी प्रश्न तोच. क्रियापदाचा कर्ता कोण?

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सगळे झाले. तळ्यावर मात्र कोणी गेले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंचा जनसमुदाय घेऊन चवदार तळ्यावर गेले, खाली उतरले आणि ओंजळीने पाणी घेतले. नंतर काय झाले ते आपण दरवर्षी ऐकतो. मारहाण झाली, शेण-गोमूत्राने तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, दिवाणी कोर्टाचा मनाईहुकूम आला आणि दहा वर्षे दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे विरोधकांना सिद्ध करता आले नाही. एका क्रियापदाच्या कर्त्याची जागा बदलायला बोले ठरावापासून साडेतेराहून अधिक वर्षे लागली, आणि तीही कागदावरच. गावोगावच्या विहिरींची गोष्ट वेगळीच. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने विहीर, तळे, नळ यांच्या वापरास अडवणे हा गुन्हा ठरवला. १९७६ पासून तोच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो.

बाबासाहेबांशी ‘ड्रॉ’चे आणखी एक नाते आहे, ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ‘ड्राफ्ट’ हा शब्द याच ‘ड्रॉ’च्या कुळातला आहे. ओढलेल्या रेघांनी उभा केलेला आराखडा म्हणजे ड्राफ्ट. ‘ड्रॉ अप’ म्हणजे दस्तऐवजाचा मसुदा तयार करणे. २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या ड्राफ्टिंग कमिटीचे, म्हणजे मसुदा समितीचे, अध्यक्ष बाबासाहेब होते. तेव्हा ज्याला नळ उघडता येत नव्हता त्याने देशाची घटना ‘ड्रॉ अप’ केली असे इंग्रजीत बिनचूक लिहिता येते.

‘ड्रॉ अप’ची दुसरी बाजूही आपल्या भागाने पाहिली आहे. सावकार-जमीनदार कागद ‘ड्रॉ अप’ करीत आणि वारली बांधव त्यावर अंगठा उठवीत. कागदात काय आहे हे अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नसे. लग्नासाठी थोडे कर्ज काढले की नवराबायको दोघे सावकाराच्या दारी राबायला बांधले जात. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरी येथे भरलेल्या परिषदेत वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. ती सगळी हकीकत गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आहे. मुलांनी ते वाचनालयातून आणून जरूर वाचावे. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. हा तालुका झाला तोही एका रेघेमुळे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यामध्ये सीमारेषा ‘ड्रॉ’ केली गेली, जुन्या उंबरगाव तालुक्यातील गावे गुजरातेत गेली आणि इकडे उरलेल्यांची तलासरी झाली. रेघ ओढणारे कुठे तरी लांब टेबलाशी बसलेले असतात, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना एकाच घरचे सोयरे राहतात.

चित्राचा ‘ड्रॉ’ सांगायचा तर डहाणूच्या बाहेर जायला नको. वारली चित्रे आज साऱ्या जगात ठाऊक आहेत. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, गेरूने सारवलेली भिंत, बांबूच्या काडीचे टोक चावून केलेला कुंचला. लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर चौक काढतात आणि त्यात पालघट देवी असते. मूळची ही बायकांची कला. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणून जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. आता गंमत अशी की वारली बोलीत चौक ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. चित्र लिहितात! मग याचे इंग्रजी काय करायचे? ‘शी ड्रॉज द चौक’ की ‘शी राइट्स द चौक’? परीक्षेत ‘ड्रॉज’ किंवा ‘पेंट्स’ लिहा, गुण मिळतील. पण लक्षात ठेवा, ज्यांना शंभर वर्षे निरक्षर म्हणून हिणवले त्यांच्या बोलीत भिंतीवरची रेघ हे लिखाणच आहे.

आता पैशाच्या ‘ड्रॉ’कडे येऊ, म्हणजे त्या चिकूवाडीतल्या गृहस्थांच्या कागदाकडे.

सरकारी कचेरीत एक हुद्दा असतो, ‘ड्रॉइंग अँड डिस्बर्सिंग ऑफिसर’. आमच्या वर्गातल्या मुलांना हा अधिकारी चित्रकलेचा वाटला. सरकारी मराठीत त्याला ‘आहरण व संवितरण अधिकारी’ म्हणतात. हे मराठी त्या इंग्रजीपेक्षा सोपे आहे असे कोणी म्हणणार नाही! साधा अर्थ असा : कोषागारातून रक्कम उचलणारा आणि ती ज्याची त्याला वाटणारा. लक्षात घ्या, या हुद्द्यात दोन कामे आहेत. उचलणे एक, वाटणे दुसरे. पहिले झाले म्हणजे दुसरे झाले असे नव्हे. कित्येकदा आपल्या भोळ्या माणसांना कचेरीत सांगतात, “पैसे ड्रॉ झाले.” माणूस समजतो, काम झाले, आणि घरी जातो. ड्रॉ झाले हे खरे. कोणी केले? कधी केले? आता कुठे आहेत? हे तीन प्रश्न त्याने विचारलेले नसतात.

आणि ते वाक्य पुन्हा वाचा. ‘द अमाउंट हॅज बीन ड्रॉन.’ ही कर्मणी रचना, पॅसिव्ह व्हॉइस. व्याकरणाच्या तासाला आपण ‘राम ईट्स अ मँगो’चे ‘अ मँगो इज ईटन बाय राम’ करतो. कचेरीच्या इंग्रजीत मात्र ‘बाय राम’ गळून पडतो. आंबा खाल्ला गेला आहे, बस्. कर्मणी वाक्य आले की पेन्सिल घ्या आणि समासात लिहा, ‘बाय हूम?’ कोणाकडून? सवय म्हणून लिहा.

त्या रविवारी मी, तो मुलगा आणि त्याचे वडील विहाराच्या पायरीवर बसलो आणि अर्ज तयार केला. मी सांगितले, मुलाने लिहिले. सुरुवात केली तीही ‘ड्रॉ’नेच : ‘आय विश टु ड्रॉ युवर काइंड अटेन्शन टु...’ म्हणजे ‘आपले लक्ष पुढील बाबीकडे वेधू इच्छितो’. हे अर्ध्या ओळीचे वाक्य प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करून ठेवावे. नळ, रस्ता, दाखला, शिष्यवृत्ती, कोणत्याही अर्जाला चालते. पुढे नम्रपणे विचारले की रक्कम कोणत्या तारखेस व कोणाकडून उचलण्यात आली आणि वाटप कोणत्या तारखेस होईल. वडिलांनी दोनदा विचारले, “गुरुजी, ‘कोणाकडून’ असं विचारलं तर पोराला त्रास नाही ना देणार?” मी सांगितले, भाऊ, ज्याने उचलली त्याचा हुद्दा विचारतो आहोत, त्याची जात नाही.

सव्वा महिन्याने रक्कम पूर्ण हातात आली. अर्जामुळे आली की तेव्हा येणारच होती हे मला सांगता येणार नाही. मुलगा कारखान्यात गेला नाही, एवढे खरे. आता शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते, त्यामुळे ‘ड्रॉन बट नॉट डिस्बर्स्ड’ हे वाक्य मुलांना क्वचितच भेटेल. त्याऐवजी भेटतो तो ‘विथड्रॉ’. बँकेत ‘विथड्रॉवल स्लिप’ म्हणजे पैसे काढण्याची चिठ्ठी. पैसे भरण्याची ती ‘डिपॉझिट स्लिप’. आपल्या वडीलधाऱ्यांना पेन्शनच्या दिवशी या दोन चिठ्ठ्यांतला फरक समजावून द्या आणि कोऱ्या विथड्रॉवल स्लिपवर सही अगर अंगठा कोणालाही देऊ नका असे बजावा. मग तो कितीही ओळखीचा असो. ‘विथड्रॉ’चा दुसरा अर्थ मागे घेणे. उमेदवारी अर्ज मागे घेणे, तक्रार मागे घेणे. तक्रारीच्या बाबतीत हा शब्द आपल्या लोकांपुढे फार लवकर येतो, कागद तयार ठेवूनच येतो. वाचल्याशिवाय सही करू नये.

चेकवर तीन माणसे असतात. चेकवर सही करून पैसे द्यायला सांगणारा तो ‘ड्रॉअर’, ज्या बँकेला सांगितले ती ‘ड्रॉई’ आणि ज्याला मिळायचे तो ‘पेई’. एका ठेकेदाराने मजुराला दिलेला चेक परत आला, त्यावर शेरा होता ‘रिफर टु ड्रॉअर’. मजुराने घरी येऊन टेबलाचा खण उघडून पाहिला, कारण खणालाही ‘ड्रॉवर’ म्हणतात! (ओढून बाहेर काढतात तो खण.) हसू येते, पण या शेऱ्याचा अर्थ पैसे मिळाले नाहीत, चेक देणाऱ्याला विचारा, असा आहे. बहुधा त्याच्या खात्यात शिल्लक नसते. तसे असेल तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली तो गुन्हा होऊ शकतो. मात्र बँकेचा शेरा मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत देणाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. खणात शोधत बसलात तर मुदत जाईल.

राहिलेले अर्थ भरभर सांगतो. ‘ड्रॉइंग रूम’चा चित्राशी संबंध नाही. जेवणानंतर पाहुण्यांनी उठून जायची ‘विथड्रॉइंग रूम’, तिचे डोके उडाले. ‘ड्रॉबॅक’ म्हणजे उणीव. ‘ड्रॉ निअर’ म्हणजे जवळ येणे, ‘भीमजयंती इज ड्रॉइंग निअर’. सामना ‘ड्रॉ’ झाला म्हणजे कोणी जिंकले नाही. ‘ड्रॉ लॉट्स’ म्हणजे चिठ्ठ्या काढणे. सरपंचपदाच्या आरक्षणाच्या सोडतीत लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी उचलतात, त्यालाही ‘ड्रॉ’च म्हणतात. ‘ड्रॉ द कर्टन’चा अर्थ पडदा उघडणे की बंद करणे हे मात्र पुढचे वाक्य वाचूनच ठरवावे लागते. तिथे इंग्रजांचेही एकमत नाही.

आता सराव. पुढील वाक्यांचे इंग्रजी करून आपल्या आईवडिलांना वाचून दाखवा आणि मराठीत समजावून सांगा. माझी आई पहाटे विहिरीतून पाणी काढते. ताईने भिंतीवर चौक काढला. शिबिरात आम्ही सर्वांनी फोटो काढला. बाबांनी बँकेतून पाचशे रुपये काढले. रक्कम उचलली गेली आहे. पाचांपैकी एका वाक्यात ‘ड्रॉ’ किंवा ‘विथड्रॉ’ चालणार नाही, ते ओळखा. शेवटच्या वाक्यापुढे पेन्सिलीने काय लिहायचे ते मी वर सांगितलेच आहे. उत्तरे पुढील अंकी, आणि पुढचे क्रियापद ‘कीप’.